‘सोपा’ नावाचा अवघड कायदा

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतील आरतीची चार मिनिटांची चित्रफीत मी एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवली. टाळ जरा मागे पडलेले, एका काकूंचा आवाज सर्वांच्या वर, मध्येच निरांजन कलंडल्यामुळे उडालेला गोंधळ, असा तो अगदी घरगुती ऐवज होता. तासाभरात इंग्रजीतून सूचना आली, की या चित्रफितीतील ध्वनी एका संगीत कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे तो बंद करण्यात आला आहे. आरती समर्थ रामदासांच्या नावावर असलेली, म्हणजे सतराव्या शतकातली. कंपनीची मालकी असलीच, तर त्या आरतीच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणावर असणार, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या काकू त्या ध्वनिमुद्रणात गायलेल्या नाहीत.

हा निवाडा कोणा माणसाने केलेला नव्हता. एका संगणकीय यंत्रणेने आवाजाचे नमुने ताडून पाहिले, तिला साम्य आढळले आणि ती शिक्षा देऊन मोकळी झाली. आधी शिक्षा, मग सुनावणी, आणि तीही तुम्ही मागितली तरच, हा जो उलटा क्रम आहे, त्याच्याविरुद्ध दशकभराहून अधिक काळ निरनिराळ्या देशांतील लोक रस्त्यावर आणि पडद्यावर निषेध करत आले आहेत. अमेरिकेतील ‘सोपा’ विधेयक, युरोपातील ‘ॲक्टा’ करार व ‘कलम १३’ आणि आपल्याकडचे संकेतस्थळबंदीचे आदेश ही याच वादाची निरनिराळी प्रकरणे आहेत. बातम्यांतून मात्र हा वाद ‘फुकटे विरुद्ध कलावंत’ असा मांडला जातो, आणि चोरी रोखणाऱ्या कायद्याला शहाणीसुरती माणसे, विद्यापीठांतील प्राध्यापक, इंटरनेटची बांधणी केलेले अभियंते विरोध का करतात, हा वाचकाचा साधा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

मुळात हक्क कशावर असतो?

कॉपीराइट, म्हणजे आपल्या भाषेत स्वामित्वहक्क किंवा प्रताधिकार, हा कल्पनेवर नसतो. ती कल्पना ज्या रूपात मांडली गेली, त्या रूपावर असतो. दोन जातींतील तरुण-तरुणीच्या प्रेमकथेवर कोणाचीही मालकी नाही, पण त्यावर तुम्ही लिहिलेल्या कादंबरीतील वाक्ये तुमची आहेत. शिवाय एकाच गाण्यावर हे हक्क थराथरांनी बसलेले असतात: शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण कंपनीचे. जुन्या आरतीचे शब्द सर्वांचे असले, तरी तिचे कालपरवाचे ध्वनिमुद्रण कोणाचे तरी असू शकते, ते याच कारणाने.

या हक्काला मुदत असते. भारतात साहित्यकृतीसाठी ती लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत असल्यामुळे १९९२ मध्ये ती सर्वांसाठीच वाढवली गेली. अमेरिकेत ती १९९८ मध्ये ७० वर्षांवर नेण्यात आली. तेथे मात्र कोण्या महाकवीचा नव्हे, तर एका उंदराच्या व्यंगचित्राचा हक्क संपत आल्यामुळे ती वाढली, अशी कुजबुज अजूनही होते. ती सर्वस्वी खरी नसली, तरी मुदतवाढीच्या बाजूने झटणाऱ्या कंपन्यांत त्या उंदराची मालक असलेली कंपनी होतीच.

मुदतीइतकेच अपवादही महत्त्वाचे आहेत. समीक्षेसाठी उतारा देणे, वर्गात शिकवणे, बातमीत थोडा भाग दाखवणे, अशा वापराला परवानगी लागत नाही. अमेरिकेतील ‘उचित वापर’ ही संकल्पना याहूनही ऐसपैस आहे. एखादा वापर या अपवादांत बसतो की नाही, हे ठरवण्यासाठी किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ कृतीच्या विक्रीला त्याने बाधा आली का, हे पाहावे लागते. थोडक्यात, संदर्भ पाहावा लागतो. संदर्भ पाहायला वेळ लागतो, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात, आणि कडक कायद्यांची सगळी घाई असते ती नेमकी हा वेळ वाचवण्याची.

१९९८ ची तडजोड

इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले, तेव्हा अमेरिकेने ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’ हा कायदा केला. त्यातील मुख्य तडजोड समजून घ्यायला आपल्या सोसायटीचा सूचनाफलक डोळ्यांपुढे आणावा. त्या फलकावर कोणीतरी दुसऱ्याची कविता स्वतःच्या नावाने लावली, तर तेवढ्यासाठी अध्यक्षांवर खटला भरता येत नाही. पण मूळ कवीने लेखी तक्रार केल्यावर तो कागद त्यांनी तातडीने काढला पाहिजे. कागद लावणाऱ्याला ‘ही माझीच कविता आहे’ असे उलट कळवण्याची सोय आहे. या व्यवस्थेमुळेच लोकांनी स्वतःचा मजकूर, चित्रे, चित्रफिती टाकायच्या संकेतस्थळांना जगता आले, हे निर्विवाद आहे.

तरीही त्यात एक खोट राहिलीच. तक्रार खरी की खोटी, याची चौकशी करण्यात अध्यक्षांचा काहीही फायदा नसतो. कागद काढून टाकणे हेच त्यांच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित. फेब्रुवारी २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या तान्ह्या मुलाची २९ सेकंदांची चित्रफीत टाकली. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते, तेही धड ऐकू न येणारे. संगीत कंपनीच्या नोटिशीवरून ती चित्रफीत काढली गेली. ती बाई न्यायालयात गेली. नोटीस धाडण्यापूर्वी हा उचित वापर आहे का, याचा विचार तक्रारदाराने केलाच पाहिजे, असे वरिष्ठ न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले, आणि प्रकरण मिटले ते २०१८ मध्ये. तोपर्यंत तो तान्हा मुलगा बारा वर्षांच्या आसपास पोहोचला असेल.

मग नवा कायदा कशाला हवा होता?

कारण जुना कायदा अमेरिकेबाहेरील संकेतस्थळांपुढे लुळा पडत होता. स्वीडनमध्ये किंवा आणखी कुठे बसून चोरट्या प्रतींचा धंदा करणारा अमेरिकी नोटिशीला केराची टोपली दाखवत असे. चित्रपट व संगीत उद्योगाची ही तक्रार खोटी नव्हती. तिच्यावरचा उपाय म्हणून मे २०११ मध्ये सिनेटर पॅट्रिक लेही यांनी ‘पिपा’ आणि ऑक्टोबर २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष लामार स्मिथ यांनी ‘सोपा’, म्हणजे ‘स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट’, ही विधेयके मांडली. मराठी कानाला एक नाव सोपे वाटेल आणि दुसरे तेलाचे; प्रत्यक्षात मजकूर दोन्हींचा अवघड होता.

कल्पना करा, की सदाशिव पेठेत एक जुना वाडा आहे. चाळीस बिऱ्हाडे, आणि त्यांतील एका खोलीत कोणीतरी चोरट्या चित्रपटांचा व्यापार करतो. पोलिसांनी त्या खोलीवर छापा घालावा, हे कोणीही म्हणेल. पण वाडा परदेशात आहे, छापा घालता येत नाही. तेव्हा ‘सोपा’ने चार मार्ग काढले. पोस्टमनला सांगायचे, की या वाड्याचे पत्र पोहोचवू नकोस. शहराच्या नकाशातून वाड्याचे नाव खोडायचे. बँकेला सांगायचे, की याचे पैसे अडवा. आणि वाड्याच्या भिंतीवर जाहिरात लावणाऱ्याला ती उतरवायला लावायची.

इंटरनेटच्या भाषेत पोस्टमन म्हणजे डीएनएस. संकेतस्थळाचे आपण लिहितो ते नाव संगणकाला कळत नाही. त्याला आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून आकडा शोधून देणारी जगभर पसरलेली नोंदवही म्हणजे डीएनएस. विधेयकाच्या मूळ मसुद्याप्रमाणे सरकारी वकिलाने न्यायालयाकडून आदेश मिळवला, की अमेरिकेतील इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांनी पाच दिवसांत ती नोंद झाकायची होती, आणि शोधयंत्रांनी त्या संकेतस्थळाचे दुवे दाखवणे थांबवायचे होते. पैसे व जाहिराती तोडण्यासाठी तर आधी न्यायालयात जाण्याचीही गरज ठेवलेली नव्हती. हक्कधारकाची नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीने व्यवहार तोडावा, नाहीतर संकेतस्थळाच्या मालकाने उलट नोटीस द्यावी, अशी ती रचना होती.

आता वाड्याकडे परत येऊ. चोरट्या प्रती घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मागचा बोळ ठाऊक असतो. आकड्यांचा पत्ता थेट लिहिला, की तो आत पोहोचतो. ज्यांना बोळ ठाऊक नाही, ती मात्र उरलेली एकोणचाळीस बिऱ्हाडे आणि त्यांचे पाहुणे. भरीला, स्वतः उल्लंघन करणाऱ्याबरोबरच त्याला ‘सुलभता’ मिळवून देणाराही कायद्याच्या कक्षेत ओढला गेला होता, आणि लोकांनी काहीही लिहावे, टाकावे अशी सोय देणारे प्रत्येक संकेतस्थळ कोणाला ना कोणाला ती सुलभता देतच असते.

अभियंत्यांची हरकत

डीएनएसची नोंदवही फसवी करता येते, हा इंटरनेटचा जुना आजार आहे. तुम्ही बँकेचे नाव लिहिता आणि मधल्या मध्ये कोणीतरी तुम्हाला हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर पाठवतो. यावरचा इलाज म्हणून अभियंत्यांनी कित्येक वर्षे खपून एक व्यवस्था उभी केली होती: नोंदीवर जणू लाखेची मोहोर. मोहोर तुटलेली दिसली, की संगणकाने समजायचे, की वाटेत कोणीतरी हात घातला आहे. ‘सोपा’ आणि ‘पिपा’ यांचा आदेश पाळायचा, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीने स्वतःच वाटेत हात घालायचा. चोराचा हात कोणता आणि सरकारचा कोणता, हे मोहोर कसे ओळखणार? पॉल व्हिक्सी, स्टीव्ह क्रॉकर, डॅन कामिन्स्की आणि त्यांचे दोन सहकारी यांनी मे २०११ मध्ये एक तांत्रिक टिपण लिहून हीच गोष्ट मांडली. हे लोक चळवळे नव्हते. डीएनएसचा पाया ज्यांच्या हातून मजबूत झाला, त्यांपैकी होते. या विरोधाला जे वजन आले, ते घोषणांपेक्षा या टिपणामुळे अधिक आले, असे मला वाटते.

‘चोर नसाल, तर भीती कशाची?’

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्याचे उत्तर तर्काने देण्याऐवजी घडलेल्या गोष्टीने देणे बरे.

‘डजाझ वन’ नावाचे हिप-हॉप संगीताला वाहिलेले एक अमेरिकी संकेतस्थळ होते. नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारी यंत्रणेने एका झटक्यात ८० हून अधिक संकेतस्थळांची नावे जप्त केली, त्यांत ते सापडले. त्यावरील गाणी चोरीची असल्याचा आरोप होता. संकेतस्थळाच्या मालकाचे म्हणणे असे, की ती गाणी प्रसिद्धीसाठी उद्योगातल्याच लोकांनी पाठवलेली होती. त्याच्या वकिलाने चौकशी सुरू केली, तेव्हा जप्तीची मुदत बंद लखोट्यात वाढवून घेतली जात असल्याचे कळले. कारणे दाखवली गेली नाहीत, आरोपपत्र दाखल झाले नाही. डिसेंबर २०११ मध्ये, एका वर्षाहून थोड्या अधिक काळाने, ते नाव मुकाट परत देण्यात आले. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या दुकानाचे गिऱ्हाईक काही लखोट्यातून परत येत नाही.

हे घडले ते ‘सोपा’ नसताना, म्हणजे सौम्य समजल्या जाणाऱ्या कायद्याखाली. तेव्हा प्रश्न चोरांना भीती वाटण्याचा नव्हताच. चूक झाली, तर ती कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने दुरुस्त करायची, हा होता. न्यायालयात गेलेला प्रत्येक कायदा कधी ना कधी चुकतो. इथे चुकीचे ओझे पूर्णपणे आरोपीच्या खांद्यावर टाकले होते.

विधेयक कोणाच्या टेबलावर तयार होते?

कायदा करणाऱ्यांकडे आपले म्हणणे पोहोचवण्यासाठी उद्योगांनी पगारी माणसे नेमणे, याला लॉबिंग म्हणतात. अमेरिकेत ते उघड आणि कायदेशीर आहे. किती पैसे खर्च केले, याची नोंद द्यावी लागते. आपल्याकडे ज्याला ‘वजन खर्च करणे’ म्हणतात, त्याची ही नोंदणीकृत आवृत्ती म्हणता येईल. म्हणणे मांडण्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा खोलीत एकाच बाजूला खुर्च्या असतात.

१६ नोव्हेंबर २०११ रोजी ‘सोपा’वर समितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा सहा साक्षीदार बोलावले होते: कॉपीराइट कार्यालय, एक औषध कंपनी, चित्रपट उद्योगाची संघटना, एक कार्ड कंपनी, कामगार संघटना आणि गूगल. विधेयकाला ठाम विरोध करणारी साक्ष एकच, गूगलची. ज्यांनी मोहोरेची व्यवस्था उभारली, त्या अभियंत्यांपैकी एकालाही खुर्ची मिळाली नव्हती. डिसेंबरमध्ये कलमवार चर्चा झाली, तेव्हा आपल्याला यातले तांत्रिक काही कळत नाही, हे काही सदस्यांनी हसतखेळत मान्य केले. त्यावर जेसन शेफेट्झ या सदस्याने आपण डॉक्टरांना न बोलावताच शस्त्रक्रिया करायला निघालो आहोत, अशा आशयाचा टोला हाणला.

चित्रपट उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख त्या वेळी क्रिस डॉड होते. तीस वर्षे सिनेटर राहून ते त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि मार्चमध्ये या नव्या पदावर आले होते. दोन्ही सभागृहांच्या न्यायविषयक समित्यांकडे काम केलेले एकेक वरिष्ठ कर्मचारीही, विधेयके चर्चेत असतानाच, संगीत आणि चित्रपट उद्योगांच्या संघटनांत नोकरीला गेले. यात बेकायदा काहीही नाही. पण परीक्षा सुरू असताना पेपर तपासणारा मास्तर एकाच विद्यार्थ्याच्या वडिलांकडे नोकरीला लागला, तर बाकीच्या पालकांना काय वाटेल, तेच लोकांना वाटले. पुढे विधेयक बारगळल्यावर डॉड यांनी दूरचित्रवाणीवर बोलून दाखवले, की हॉलिवूडच्या पाठिंब्यावर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, अडचणीत आपल्या बाजूने कोण उभे राहते, हे उद्योग पाहत आहे. एरवी बंद दाराआड होणारा हिशेब त्यांनी असा चारचौघांत मांडल्यामुळे, मला वाटते, त्यांच्याच बाजूचे अधिक नुकसान झाले.

काळा पडदा पडलेला बुधवार

विरोध एका दिवसात पेटला नाही. सुनावणीच्याच दिवशी ‘टंबलर’ने आपल्या वापरकर्त्यांना लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी जोडून दिले आणि ८७ हजारांहून अधिक फोन गेले. डिसेंबरमध्ये संकेतस्थळांची नावे विकणाऱ्या ‘गोडॅडी’ने विधेयकाला पाठिंबा दिल्याचे कळताच ग्राहकांनी आपली नावे तिथून हलवायला सुरुवात केली, आणि कंपनीने पाठिंबा मागे घेतला. जानेवारीच्या मध्यावर व्हाइट हाउसने चिंता व्यक्त केली. लेही आणि स्मिथ दोघांनीही डीएनएसच्या कलमाबाबत माघारीची भाषा सुरू केली.

मग आला १८ जानेवारी २०१२, बुधवार. इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद राहिला. पानाऐवजी काळा पडदा आणि ‘मुक्त ज्ञान नसलेल्या जगाची कल्पना करा’ अशा अर्थाचे वाक्य. गूगलने आपल्या नावावर काळी पट्टी ओढली आणि त्याखालील अर्जावर ७० लाख सह्या झाल्या. विकिपीडियाचे ते काळे पान १६ कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आणि ८० लाख लोकांनी त्यावरून आपला लोकप्रतिनिधी कोण, हे शोधले. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने ठेवलेल्या नोंदीनुसार विधेयकांना उघड विरोध करणाऱ्या सदस्यांची संख्या एका दिवसात ३१ वरून १०१ वर गेली. ज्यांची नावे ‘पिपा’वर प्रस्तावक म्हणून होती, त्या सिनेटरांपैकी काहींनी ती काढून घेतली. २० जानेवारीला दोन्ही विधेयके बाजूला ठेवण्यात आली, ती पुन्हा त्या रूपात उठली नाहीत.

या काळ्या पडद्याचे यश कशात होते? मागण्यांच्या यादीत नक्कीच नव्हते. नोंदवहीतून नाव खोडले, की काय होते, हे त्याने प्रत्येकाला स्वतःच्या पडद्यावर, स्वतःच्या अर्धवट राहिलेल्या गृहपाठात दाखवले.

हा विरोध खरोखर लोकांचा होता का?

हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. गूगलचा धंदाच लोकांनी टाकलेल्या मजकुरावर चालतो. ‘सोपा’ आला असता, तर गूगलला तपासणीचा मोठा खर्च सोसावा लागला असता. गूगलही लॉबिंग करते, आणि त्यावरचा तिचा नोंदवलेला खर्च २०११ मध्ये सुमारे ९७ लाख डॉलर होता, तो २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ८२ लाखांवर गेला. म्हणजे हा सामान्य माणूस विरुद्ध बडी कंपनी असा सरळ सामना नव्हता; दोन बड्या उद्योगांच्या भांडणात एकाच्या बाजूला या वेळी सामान्य माणूसही उभा होता. ग्रंथपाल, नागरी हक्क संघटना, कायद्याचे प्राध्यापक आणि विकिपीडियाचे बिनपगारी संपादक यांना कोणाच्या खर्चाची गरज नव्हती, हे खरे. पण पुढे याच तंत्रज्ञान कंपन्या स्वतः पडदा पाडायच्या स्थितीत आल्या आणि आमच्या आरतीचा आवाज बंद झाला, हेही खरे.

मग कलावंताने काय करावे?

चोरी नुकसान करतेच. २०१६ मध्ये ‘सैराट’ चित्रपटगृहांत गर्दी खेचत असताना त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून हातोहात फिरत होती. त्या चित्रपटाने तरीही विक्रमी कमाई केली, म्हणून चोरी निरुपद्रवी ठरत नाही; पहिल्या शनिवार-रविवारच्या तिकिटांवर ज्याचे कर्ज फिटायचे असते, त्या छोट्या मराठी निर्मात्याला ती सवलत नसते. विरोधकांपैकी काहींनी हे दुःख हसण्यावारी नेले, आणि तिथे ते चुकले.

मात्र ‘नवा अधिकार नसेल, तर हात बांधलेले’ हा युक्तिवाद घटनेनेच खोडून काढला. काळ्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारी २०१२ रोजी, अमेरिकी सरकारने ‘मेगाअपलोड’ हे फायली साठवण्याचे अवाढव्य संकेतस्थळ बंद केले आणि त्याच्या संस्थापकाला न्यूझीलंडमध्ये अटक झाली, तीही आधीपासून अस्तित्वात असलेल्या कायद्याखाली. त्या कारवाईतही प्रामाणिक लोकांच्या साठवलेल्या फायली अडकल्या, ही तिची काळी बाजू. पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने इंटरनेटवरील प्रसारणाच्या (स्ट्रीमिंगच्या) चोरट्या धंद्याला गंभीर गुन्हा ठरवणारी तरतूद केली. ती व्यापारी पातळीवर चालणाऱ्या सेवांपुरती मर्यादित होती, आणि तिच्याविरुद्ध कोणताही काळा बुधवार पाळला गेला नाही. नेम धरलेल्या कायद्याला लोक सहसा अडवत नाहीत, एवढे त्यावरून दिसते.

युरोपातील दोन फेऱ्या

‘ॲक्टा’ हा बनावट माल आणि कॉपीराइट यांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या वाटाघाटी इतक्या गुप्त होत्या, की अधिकृत मसुदा लोकांना प्रथम पाहायला मिळाला तो एप्रिल २०१० मध्ये. भारत या करारात नव्हता, पण जून २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारताने त्यावर आक्षेप घेतला. त्यामागे औषधांची काळजी होती: २००८ च्या अखेरीस भारतातून ब्राझीलला निघालेले रक्तदाबावरचे स्वस्त औषध नेदरलँड्समध्ये अडवले गेले होते. ती जप्ती पेटंटच्या नावाखालची होती, तरी सीमेवरच्या अधिकाऱ्याला परस्पर निवाड्याचा अधिकार मिळाला, की काय होते, याचा तो नमुना होता. जानेवारी २०१२ मध्ये पोलंडने करारावर सही केली, तेव्हा तेथील काही खासदार संसदेत मुखवटे लावून बसले. फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीत अनेक शहरांत मोर्चे निघाले, आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला.

दुसऱ्या फेरीत मात्र लोक हरले. २०१९ च्या युरोपीय निर्देशातील कलम १३, जे पुढे कलम १७ झाले, त्याने मोठ्या संकेतस्थळांना वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी थेट जबाबदार धरले. सूचनाफलकाच्या भाषेत सांगायचे, तर अध्यक्षांनी आता प्रत्येक कागद लागण्याआधीच तपासायचा. ५० लाखांच्या आसपास सह्या झाल्या, जर्मनीत प्रचंड मोर्चे निघाले, तरी २६ मार्च २०१९ रोजी ३४८ विरुद्ध २७४ मतांनी तो संमत झाला. कलमांवर वेगळे मतदान घ्यावे, हा ठराव अवघ्या पाच मतांनी पडला. नंतर काही सदस्यांनी आपण चुकीचे बटण दाबल्याचे नोंदवले, पण निकाल बदलला नाही. पोलंडने त्याला न्यायालयात आव्हान दिले. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम कायम ठेवले, आणि त्याबरोबर हेही बजावले, की कायदेशीर व बेकायदा मजकुरात नीट फरक करू न शकणारी गाळणी चालणार नाही.

आझाद मैदान आणि मुंबई उच्च न्यायालय

भारतात हा प्रकार आधी आला तो संसदेतून नव्हे, न्यायालयाच्या दारातून. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी निर्माता अज्ञात व्यक्तींविरुद्ध आदेश मिळवतो. ‘अशोककुमार’ हे अशा आदेशांतील काल्पनिक प्रतिवादीचे रूढ नाव. मग त्या आदेशाच्या बळावर सेवा देणाऱ्या कंपन्या संकेतस्थळे बंद करतात. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशानंतर ‘व्हिमिओ’सारखी अगदी वैध संकेतस्थळेही अनेकांच्या घरी दिसेनाशी झाली. ९ जून २०१२ रोजी मुंबईत आझाद मैदानावर तरुण मुखवटे घालून जमले, ते यासाठी. त्याच महिन्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की बंदी नेमक्या दुव्यांपुरती आहे, अख्ख्या संकेतस्थळांसाठी नाही. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीत एक चांगली अट आली: तक्रारीवरून मजकूर हटवला आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखवता येतो.

२०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटासाठी असाच अर्ज मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला आणि तपासलेल्या दुव्यांची यादी मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेगळी वाट धरली: ज्यांचा मुख्य उद्योगच चोरी आहे, अशी संकेतस्थळे संपूर्ण बंद करावीत आणि त्यांच्या नव्या नावाच्या जुळ्यांवरही तोच आदेश लागू व्हावा. दोन्हींमागे विचार आहे. मला मुंबईची वाट अधिक पटते, कारण तिथे यादी तपासण्याचे कष्ट आदेश मागणाऱ्याला करावे लागतात.

त्याआधी, ऑगस्ट २०१६ मध्ये, बंद केलेल्या पानांवर एक संदेश झळकू लागला आणि देशभर घबराट पसरली. हा मजकूर नुसता पाहणे हासुद्धा तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, असे त्यात लिहिले होते. गुन्हा पाहण्यात नसून विनापरवाना वाटप, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री यांत आहे, असे सांगून न्यायमूर्ती पटेल यांनी तो मजकूर बदलायला लावला. त्या संदेशात एक गोष्ट मात्र पहिल्यापासून बरी होती. ज्याला ही बंदी अन्यायकारक वाटते, त्याने कुठे लिहावे, याचा ई-मेल पत्ता त्यात होता, आणि कोणत्या खटल्यातील आदेशाने हे झाले, ते ४८ तासांत कळवू, असे वचन होते.

आमच्या आरतीखाली पत्ता नव्हता, एक बटण होते. ते दाबल्यावर माझा आक्षेप ज्या कंपनीने दावा केला तिच्याकडेच निकालासाठी गेला, आणि तिला उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत होती. बाविसाव्या दिवशी दावा मागे घेतल्याची एक ओळ आली, कारण न देता. काकूंचा आवाज परत आला, तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन गेली होती.